लग्नाच्या फोटोंसाठी साधी हार्डडिस्क की एंटरप्राइझ?

कऱ्हाडचा_फोटोवाला:
मंडळी, छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईत रॉ फोटो आणि व्हिडिओ मिळून दोन-तीन टीबी सहज होतात. चार कप्प्यांचा नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घेतलाय. दुकानदार म्हणतो, एंटरप्राइझ (मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेल्या) डिस्कच घाला, साध्या वर्षभरात जातात. भाव जवळजवळ दुप्पट. खरंच एवढा फरक असतो, की गंडवतोय?

हार्डवेअरवाले_काका:
'वर्षभरात जातात' म्हणणाऱ्याला विचारा, कुणाच्या गेल्या? बॅकब्लेझ ही अमेरिकेतली बॅकअप कंपनी. 2011 च्या थायलंडमधल्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले, भाव भडकले. तेव्हा या पठ्ठ्यांनी दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क उचलल्या, प्लास्टिक फोडून आतल्या साध्या डिस्क सर्व्हरात घातल्या. 2013 मध्ये त्यांनी हिशेब मांडला: वर्षाला साध्या गेल्या 4.2 टक्के, एंटरप्राइझ 4.6. (एंटरप्राइझ डिस्क त्यांच्याकडे फार थोड्या होत्या, तेव्हा लगेच 'साधीच भारी' म्हणून नाचू नका.)

जास्तीचे पैसे जातात वॉरंटीला. साधीला बहुधा दोन वर्षं, एंटरप्राइझला पाच. दुसरं म्हणजे वागणूक. खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) लागला की साधी डिस्क तोच वाचायचा हट्ट धरून बसते. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एक गेली तरी डेटा टिकावा अशी सोय. ती सांभाळणाऱ्या कंट्रोलरला वाटतं, मेली. तो तिला बाहेर काढतो. खास नॅससाठी बनवलेली डिस्क सातेक सेकंदांत नाद सोडते आणि तो तुकडा बाकीच्या डिस्कवरून भरून निघतो. म्हणून नॅसमध्ये नॅसचीच घाला, एंटरप्राइझची गरज नाही. फक्त सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना बघा, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला संथ) नको. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कमध्येही एसएमआर असल्याचं 2020 मध्ये उघड झालं होतं. डिस्क बदलून रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) लावला की त्या रडकुंडीला आणतात.

सातारी_गडी:
आणि एंटरप्राइझचा आवाज! माझा नॅस हॉलमध्ये आहे, रात्रभर कुरकुर. बायकोने अल्टिमेटम दिलाय.

कऱ्हाडचा_फोटोवाला:
मग वाचलेल्या पैशांत नॅसची चौथी डिस्क घेऊ का? तीनच घेणार होतो.

हार्डवेअरवाले_काका:
नको. मोठी एक्स्टर्नल घ्या, प्रत्येक लग्न झालं की कॉपी करा आणि घरी कपाटात ठेवा, स्टुडिओत नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पोराने चुकून फोल्डर उडवला तर सगळ्या डिस्कवरून एकदम उडतो, एंटरप्राइझ असल्या तरी. आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला भांडायला लागतो.