पिकअपनं ठोकलंय, पाच हजारांवर सही करायची का?

बी-203 स्वामी: ओ सोसायटीतल्या मंडळी, जरा सल्ला पाहिजे. काल विजापूर रोडला हत्तूरच्या अलीकडं मेहुण्यांच्या कारला पिकअपनं मागून ठोकलं. डिकी आत गेली, बंपर तुटला. बहिणीच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलंय. पिकअपवाला म्हणतोय पाच हजार घ्या, कागदावर सही करा, विषय मिटवा. मेहुणे तयार व्हायलेत.

सी-401 ॲड. मॅडम: सही अजिबात नको. "भरपाई मिळाली, तक्रार नाही" असा कागद पुढं विमा कंपनीचा वकील ट्रिब्युनलसमोर, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणासमोर ठेवतो. गाडीचे पैसे वेगळे आणि हाताचे वेगळे. पाच हजारांत दोन्हीवर पाणी सोडायचं का?

डी-103 बिराजदार (निवृत्त पोलीस): एफआयआर झाली की नुसती डायरीला नोंद? हाड मोडलं म्हणजे कायद्यानं गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आणि 125 लागतं. हद्द शहराची की ग्रामीणची यावरून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, घ्या म्हणावं. फिर्यादीत पिकअपचा नंबर आणि "मागून धडक" हे शब्द स्पष्ट पाहिजेत. आणि दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच बघा. पोलिसांचा ताप नको म्हणून लोक "घरात पडल्या" सांगतात, मग केस तिथंच लंगडी पडते.

बी-203 स्वामी: केसपेपरवर वाहन अपघातच लिहिलंय. एमएलसी, म्हणजे दवाखान्याची पोलीस केसची नोंद, झालीय. एफआयआर बाकी आहे.

डी-103 बिराजदार: मग आजच जावा. तपास अधिकाऱ्यानं 48 तासांत पहिला अपघात अहवाल ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. नियम 1 एप्रिल 2022 पासूनचा आहे. आपण विचारत राहिलो तर वेळेत होतं. पंचनाम्याची आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची नक्कल मागून घ्या.

ए-102 कोरे काका (सर्व्हेअर, विम्यासाठी नुकसान तपासणारे): आता गाडीचं. मेहुण्यांची पॉलिसी फुल आहे की नुसती थर्ड पार्टी?

बी-203 स्वामी: फुल आहे काका, पण झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नाही. गाडी सहा वर्षांची, बाराशे सीसी.

ए-102 कोरे काका: कंपनीला लगेच कळवून क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअरनं बघायच्या आधी गॅरेजवाल्याला एक बोल्टसुद्धा खोलू देऊ नका, बंपर भंगारात गेला की त्याचे पैसेही गेले. झिरो डेप नाही म्हणजे प्लास्टिक-रबरच्या भागांवर 50% घसारा, पत्र्यावर सहा वर्षांच्या गाडीला 40%, काचेवर शून्य. मजुरीवर घसारा नाही. वर 1,000 रुपये सक्तीची वजावट. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येतो आणि परत 50% व्हायला पाच वर्षं लागतात. बिल जेमतेम बोनसएवढंच असेल तर क्लेम टाकू नका, पिकअपच्या मालकाकडं लेखी मागा. इथं डिकी आत गेलीय, चासीपर्यंत मार असू शकतो, तेव्हा माझं मत क्लेम टाकायचा.

सी-201: पण चूक त्याची, मग घसाऱ्याचा फटका यांना का?

सी-401 ॲड. मॅडम: म्हणूनच उरलेला फरक पिकअपच्या विमा कंपनीकडून मागायचा. थर्ड पार्टी पॉलिसीत मालमत्तेचं नुकसान साधारण 7.5 लाखांपर्यंत धरलेलं असतं, प्रीमियम वाचवायला काहींनी ते 6,000 वर आणलेलं असतं. मात्र एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून त्याच्या विम्याची आणि फिटनेसची मुदत बघा, स्क्रीनशॉट ठेवा. विमा नसेल तर जबाबदारी मालकाची. ड्रायव्हरचं लायसन्स खोटं निघालं तरी बहुतेक वेळा कंपनीनं आधी तुम्हाला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असाच आदेश होतो.

बी-203 स्वामी: आणि बहिणीचं? ती घरी युनिफॉर्म शिवते, कारखान्याचं जॉबवर्क. उजवा हातच गेलाय कामातून.

सी-401 ॲड. मॅडम: इथंच खरी रक्कम आहे. मोटार वाहन कायद्यात दोन वाटा. कलम 164 मध्ये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख, पण ते कलम 149 च्या पद्धतीनं (विमा कंपनीशी तडजोड करून) स्वीकारले की कलम 166 चा अर्ज संपतो. कलम 166 मध्ये चूक दाखवावी लागते, रक्कमही मोठी होऊ शकते. अर्ज अपघातापासून 6 महिन्यांत. अपघात कुठंही झाला असला तरी राहता त्या जिल्ह्यात करता येतो, म्हणजे आपल्या सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात. बहिणीचं वय किती, महिन्याला किती सुटतं?

बी-203 स्वामी: 38. बारा हजार धरा.

सी-401 ॲड. मॅडम: 36 ते 40 वयाला गुणक 15, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला गुणायचा वयानुसार ठरलेला आकडा. कमाईवरचं अपंगत्व 20% धरलं तर 12,000 × 12 × 15 × 20% = 4,32,000. कमाईतली भावी वाढ मान्य झाली तर त्यात 40% भर. औषधपाणी, वेदना, कामाचे बुडालेले महिने वेगळे. पण डॉक्टरनं दाखल्यात 8% लिहिलं म्हणजे कमाईही 8%च गेली असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय, कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. शिवणकामाला मनगट नसेल तर काय उरतं? हे डॉक्टरच्या साक्षीतून आणावं लागतं, नुसता दाखला लावून भागत नाही.

ए-304 बोल्ली अण्णा: कमाईचा पुरावाच नसतो ओ आपल्याकडं. सगळं रोखीत.

सी-401 ॲड. मॅडम: अण्णा, जॉबवर्कची नगाची वही, कारखानदाराचं पत्र, पासबुक, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, काहीही चालेल. काहीच नसेल तर ट्रिब्युनल स्वतःच्या अंदाजानं उत्पन्न धरतं आणि तो बहुधा कमी असतो. बिलं मूळ ठेवा, मेडिकलवाल्याची कच्ची चिठ्ठी नको.

ए-102 कोरे काका: ॲडमिट असतील तर रस्ते अपघाताच्या कॅशलेस योजनेचं विचारा. 2025 पासून आहे, 7 दिवसांत दीड लाखापर्यंत, पण यादीतल्याच दवाखान्यात.

डी-103 बिराजदार: ठाण्याबाहेर "तीस टक्क्यांवर केस घेतो" म्हणणारे भेटतील. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका.

सी-401 ॲड. मॅडम: निकालाच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमातच मनाई आहे. फी आकड्यात ठरवा, लेखी घ्या.

बी-203 स्वामी: समजलं मॅडम. मेहुण्यांना घेऊन निघालो ठाण्यात. पिकअपवाल्याला काय सांगू?

सी-401 ॲड. मॅडम: त्याच्या पॉलिसीचा आणि लायसन्सचा फोटो मागा. बाकी काही बोलू नका. फोन आला तर मेसेज कर म्हणा.