शुगर आणि जॅगरी: सख्ख्या बहिणी?

मुळाक्षर: इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. लेखिका म्हणते, शुगर आणि जॅगरी सख्ख्या बहिणी. मराठीत 'साखर आणि गूळ' लिहिलं की नातंच तुटतं. वर संपादक म्हणतात, जॅगरी पोर्तुगीज, बहीण कुठली! काय करू?

फणसाचागरा: पोर्तुगीज हा वाटेतला मुक्काम हो. संस्कृत शर्करा, मल्याळम चक्करा, ती पोर्तुगिजांनी 'जागरा' म्हणून उचलली, पुढे जॅगरी. दुसरी वाट खुष्कीची: शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, मग लॅटिन, जुनी फ्रेंच, शुगर. बहिणी कसल्या, एकच बाई दोन दारांनी घरात आली!

खडेघाशी: तिसरं दार विसरलात. ग्रीक 'साक्खारोन'ही इथूनच गेलं, त्यावरून सॅकरिन. १८७९ साली बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या त्या पदार्थात साखरेचा कण नाही, नाव मात्र घराण्याचं. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हणतात.

शुद्धलेखणी: मग सरळ 'शर्करा' लिहा. साखर हा अपभ्रंश.

खडेघाशी: अपभ्रंश नव्हे, तद्भव. पालीतसुद्धा 'सक्खरा' आहे, ख सकट. घरी 'चहात शर्करा किती घालू' असं विचारता का?

शुद्धलेखणी: घरचं बोलणं वेगळं, छापील वेगळं. उद्या 'शुगर'च लिहाल.

फणसाचागरा: 'त्यांना शुगर आहे' हे आख्खा महाराष्ट्र म्हणतो. तिथे साखर म्हणून बघा बरं!

माडकार: पण जॅगरी म्हणजे गूळ हे परस्पर कोणी ठरवलं? १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात जॅगरी म्हणजे ताडामाडाच्या रसाची साखर. आमच्या गोव्यात त्याला माडाचं गोड म्हणतात. कोंकणीत गूळ म्हणजे 'गोड'च.

ढेपवाला: गोड ही चव झाली. गूळ उसाचाच, तोही गुऱ्हाळावरचा. संस्कृत गुड म्हणजे गोळा. माडाच्या रसाची ढेप कोल्हापुरात कोणी गूळ म्हणून घेणार नाही.

माडकार: नका घेऊ. ढेप नसतेच ती, काळे सुळके असतात. पातोळ्यांत तेच लागतं, उसाच्या गुळाला तो धुरकट वास कुठला?

ढेपवाला: पातोळ्यांचं राहू द्या, गरम काकवी भाकरीवर घेऊन बघा आधी.

खडेघाशी: काकवी की काकंबी? आमच्याकडे दोन्ही ऐकलंय.