ख्रिस्ती प्राथमिक शाळेतला वसंत: राखेच्या बुधवारापासून पेंटेकॉस्टपर्यंत (अनुभव धागा)

शाळेच्या चॅपलमध्ये, वर्गात, मैदानावर किंवा पालक संघात ज्यांनी ही कामं प्रत्यक्ष केली आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. मुलं किती गोड दिसत होती हे कृपया लिहू नका, ती दिसतातच. मापं, वेळा, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते लिहा.

सुरुवात तारखांनी करते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. पाश्चात्त्य चर्चच्या हिशेबाने तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू करायचा दिवस (उपवासाचे दिवस ४०, मधले ६ रविवार धरत नाहीत), आणि ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला. २०२८ मध्ये हेच दोन दिवस १ मार्च आणि १६ एप्रिल. म्हणजे मागच्या वर्षीचं नियोजन उचलून तारखा बदलल्या की काम झालं, असं होत नाही. ईस्टर लवकर आला तर वर्गातल्या ताटात पेरलेलं गवत उगवायला ऊब नसते, उशिरा आला तर स्नेहसंमेलन आणि परीक्षा अंगावर येतात. कॅलेंडरवर आधी ईस्टर लिहा आणि प्रत्येक कामाचे दिवस तिथून उलटे मोजा.

ऑर्थोडॉक्स कुटुंबांची तारीख बहुधा वेगळी असते: २०२७ मध्ये २ मे, २०२८ मध्ये मात्र तीच १६ एप्रिल. त्या मुलांचा उपवासकाळ चालू असताना वर्गात ईस्टरचा खाऊ वाटला जाऊ नये, म्हणून वर्गशिक्षकांकडे दोन्ही तारखा असू द्या.

चॅपलकाका

राखेबद्दल लिहितो, कारण यात खरा धोका आहे आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. राखेत पाणी घालू नका. राखेतले क्षार पाण्यात विरघळले की द्रावण तीव्र अल्कधर्मी होतं आणि कपाळाची कातडी भाजू शकते. लहान मुलांची त्वचा नाजूक, त्यांना लगेच झोंबतं. कोरडी राख लावा, नाहीतर ऑलिव्ह तेलाचे दोनचार थेंब घालून मळा. तेल एकदम ओतलं की राख ओघळते आणि डोळ्यात जाते, म्हणून थेंबथेंब.

राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) वापरलेल्या झावळ्यांची. झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. कात्रीने बोटभर तुकडे करा आणि उघड्यावर, धातूच्या भांड्यात, वारा नसताना जाळा. पांढुरकी होईपर्यंत जाळली तर कपाळावर खूण दिसतच नाही. काळी असतानाच झाकण ठेवून विझवा, पूर्ण गार झाल्यावर कुटा आणि बारीक चाळणीने दोनदा चाळा. न चाळलेल्या राखेत राहिलेली कुसळं कपाळावर ओरखडतात. अख्ख्या शाळेला दोनतीन मोठे चमचे पुरतात. लोक घमेलंभर जाळतात, ते कशाला?

झावळ्या वर्षभर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या की बुरशी धरतात. कागदी खोक्यात ठेवा आणि वर साल लिहा.

राख लावून घेणं ऐच्छिक ठेवा. बिगरख्रिस्ती किंवा ही प्रथा न पाळणाऱ्या पंथांतली मुलं रांगेत आली तर नुसता आशीर्वाद द्या. त्यांना बाकावर बसवून ठेवलं की सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडेच जातं.

पियानोवाली

कॅथलिक, लुथरन आणि अँग्लिकन परंपरेत उपवासकाळात 'आलेलुया' (देवाची स्तुती करा) गात नाहीत. अडचण अशी की ईस्टरच्या गाण्यांत तोच शब्द ठासून भरलेला असतो आणि तालीम नेमकी याच काळात करायची असते. उपाय सोपा आहे: त्या चार अक्षरांच्या जागी 'ना-ना-ना-ना' किंवा नुसतं 'लू' म्हणत सूर आणि ताल बसवायचा, आणि शब्द ईस्टरनंतर घालायचा. एका तालमीत बसतो. राखेच्या बुधवाराआधी मुलांनी 'आलेलुया' लिहिलेला कापडी फलक पेटीत बंद करून ठेवायची पद्धतही जुनी आहे. पेटी कुठे ठेवली हे दोघांना तरी माहीत हवं आणि ती दमट खोलीत नको, जलरंग पसरतो.

वसंत मैफल ईस्टरनंतर २ ते ४ आठवड्यांत ठेवा. पेंटेकॉस्टपर्यंत ईस्टरचाच काळ असतो, त्यामुळे गाणी शिळी होत नाहीत. पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) तोंडावर मैफल ठेवणं मला पटत नाही. त्या आठवड्यात क्रूसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या प्रसंगांवरून चालत केलेली प्रार्थना) असते आणि तिथेही हीच मुलं लागतात.

पट्टी तपासा. ६ ते ८ वर्षांच्या मुलांना पियानोच्या मधल्या सी-च्या लगतच्या डी-पासून वरच्या ए-बी-पर्यंत आरामात गाता येतं. तयार साथीचे ट्रॅक बऱ्याचदा मोठ्यांच्या गळ्याला बेतलेले, खालच्या पट्टीतले असतात. मग मुलं गात नाहीत, पुटपुटतात, आणि दोष ध्वनिक्षेपकाला दिला जातो. पायऱ्यांवर उभं करून किमान दोन तालमी घ्या. गुडघे ताठ करून उभं राहिलं की भोवळ येते, म्हणून गुडघे किंचित सैल ठेवायला शिकवा आणि एका वेळी २० मिनिटांहून जास्त उभं ठेवू नका. बाजूला एक खुर्ची आणि एक बादली. बादली का, ते विचारू नका.

बालवर्गताई

बागेचं ताट (येशूच्या कबरीच्या बागेची छोटी प्रतिकृती) आणि गोष्टीची अंडी (येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट वस्तूंतून सांगणारी), दोन्ही लिहिते.

ताट: साधारण ४० × ३० सेंमी, ५ सेंमी खोल, तळाला भोकं. खाली १ सेंमी बारीक खडी, वर ३-४ सेंमी माती. एका कोपऱ्यात मातीची छोटी कुंडी आडवी पुरायची, ती कबर. तोंडाशी जाईल असा चपटा दगड. मागे टेकडी आणि काटक्यांचे तीन क्रूस, सुतळीने बांधलेले. गोंदाने चिकटवलेले पाणी लागताच सुटतात. टेकडीची माती पाण्याबरोबर खाली येऊन कबर बुजते, म्हणून टेकडीवर ओलं शेवाळ दाबून बसवा.

बी कधी पेरायचं यात बहुतेक जण चुकतात. हौसेने राखेच्या बुधवारी पेरलं तर ईस्टरपर्यंत गवत उंच वाढून आडवं पडतं, मुळाशी पिवळं होतं. राय गवत साधारण ५ ते १० दिवसांत उगवतं. ईस्टरच्या १२ ते १४ दिवस आधी, बी दाट पसरून, वर मातीचा अगदी पातळ थर. पाणी झारीने नको, फवाऱ्याने, आणि तेही एकाच मुलाकडे सोपवा. वर्गातल्या प्रत्येकाने प्रेमाने पाणी घातलं की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. खोली थंड असेल तर उगवेपर्यंत ताटावर सैल प्लॅस्टिक.

गोष्टीची अंडी: उघडणारी प्लॅस्टिकची १२ अंडी, प्रत्येकावर क्रमांक, आत एकेक वस्तू. प्रचलित क्रम असा: गाढव, चांदीची नाणी, प्याला, जोडलेले हात, चाबकाची चामडी दोरी, काट्यांचा मुकुट, खिळे, फासा, भाला, तागाचं कापड, दगड, आणि बारावं रिकामं. खिळ्यांची टोकं कानशीने बोथट करा. फासा लहान भावंडांच्या तोंडात जाण्याएवढा नको. रोज एक उघडायचं, पण मोजताना शाळेचेच दिवस धरा. शनिवार-रविवार सोडले की १२ अंड्यांना अडीच आठवडे लागतात. रिकामं अंडं सुट्टीआधी उघडावं की नंतर, यावर शाळाशाळांत मतभेद आहेत. माझं मत नंतर. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) यायच्या आधीच कबर रिकामी दाखवली तर मुलांच्या डोक्यात क्रम उलटा बसतो. पहिलं अंडं उघडायची तारीख त्यावरून मागे मोजा. कोणीतरी आधीच डोकावतं, तेव्हा पेटी उंच फळीवर.

विज्ञानशिक्षिका

कोशातून बाहेर येणारं फुलपाखरू हे पुनरुत्थानाचं प्रतीक म्हणून वर्गात पाळतात, पण फुलपाखरांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. पेंटेड लेडी जातीच्या अळ्या मिळाल्यापासून ७-१० दिवसांत कोश करतात आणि पुढे ७-१० दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. खोली थंड असली की हे लांबतं, म्हणून ईस्टरआधी साडेतीन आठवडे धरा. कोश झाल्यावर १-२ दिवस हात लावू नका, तो मऊ असतो. मग जाळीच्या पिंजऱ्यात वरच्या बाजूला टांगायचा. एखादा खाली पडला तर टिपकागदावर, जाळीच्या कडेला ठेवा. बाहेर आलेल्या फुलपाखराला चढायला खरखरीत पृष्ठभाग मिळाला नाही तर पंख आकसलेलेच राहतात.

बाहेर येताना त्याच्या अंगातून लालसर द्रव पडतो. मुलं हमखास 'रक्त, रक्त!' करतात. तो कोशावस्थेत साठलेला टाकाऊ द्रव आहे, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तळाला पांढरा कागद घालून ठेवला तर डाग सगळ्यांना नीट बघता येतो आणि भीती जाते. तापमान १३ अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि पाऊस नसेल तेव्हाच सोडा. आपल्या भागात नैसर्गिकरीत्या आढळणारीच जात घ्या.

चॅपलकाका

पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीचा गुरुवार) येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत पाय धुतात, त्याबद्दल राहिलं. पाणी घमेल्यात भरून एकेकाचा पाय बुडवू नका. तांब्याने कोमट पाणी ओतायचं, खाली रिकामं घमेलं, प्रत्येकाला वेगळा टॉवेल. लांब मोजे-टाइट्स घातलेल्या मुलींना आदल्या दिवशी निरोप द्या, नाहीतर ऐन वेळी अर्धी रांग खोळंबते. वाहून आलेल्या पाण्यावर घसरतात, म्हणून खाली रबरी चटई. पाय दाखवायला लाजणाऱ्यांसाठी हात धुणं हा पर्याय उघडपणे ठेवा.

क्रूसाच्या वाटेची १४ स्थानं वर्गांना वाटून द्यायची. पाचवं (कुरेनेकर शिमोन क्रूस उचलायला मदत करतो) आणि सहावं (वेरोनिका येशूचा चेहरा पुसते) सगळ्यात लहानांना. मदत करण्याचे प्रसंग त्यांना कळतात. अकरावं, म्हणजे खिळे ठोकण्याचं, मोठ्या वर्गाने स्तब्ध दृश्य म्हणून करावं. हातोड्याचा आवाज नको. एका स्थानाला दीड मिनिट धरलं तरी चालण्यासकट अर्धा तास जातो, त्याहून जास्त बसवू नका.

खजिनदार

उपवासकाळातल्या दानाच्या डब्या: घडीच्या पुठ्ठ्याच्या डबीचा तळ नाण्यांच्या वजनाने सुटतो. वाटण्याआधी तळाला आडवी-उभी चिकटपट्टी मारा. पैसे कुणाला जाणार ते पहिल्याच दिवशी लेखी सांगा. मोजणी वर्गात नको, कार्यालयात, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी, आणि दोघांच्या सह्या. 'कुठल्या वर्गाने जास्त जमवले' अशी स्पर्धा लावू नका. त्यात पालकांचा खिसा मोजला जातो.

अंडी शोधण्याचा खेळ: प्रत्येकी १० या हिशेबाने ६० मुलांना ६०० प्लॅस्टिकची अंडी, वर दहा टक्के जास्त. प्रत्येकाला १० ची मर्यादा जाहीर करा, नाहीतर चपळ मुलं दोन मिनिटांत मैदान साफ करतात. वयानुसार भाग दोरीने वेगळे आणि लहानांना आधी सोडा. आत चॉकलेट असेल तर उन्हात वितळतं आणि मुंग्या येतात. स्टिकर, खोडरबर, बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी बरी. दाणे-सुकामेवा अजिबात नको, ॲलर्जीची यादी कार्यालयातून घ्या. कुठे किती लपवली त्याचा कागदी नकाशा ठेवा. बाहेर पडण्याच्या वाटेवर खोकं ठेवलं की रिकामी टरफलं पुढच्या वर्षाला परत मिळतात.

खरी उकडलेली अंडी गवतात लपवू नयेत. तडा गेला की आत जंतू शिरतात. ती रंगवायला ठेवा: अर्धा कप गरम पाणी, १ छोटा चमचा व्हिनेगर, खाण्याच्या रंगाचे १०-२० थेंब. व्हिनेगर विसरलं तर रंग धरत नाही, कारण आम्लात रंग कवचावरच्या प्रथिनाला चिकटतो. खायची असतील तर शीतकपाटाबाहेर एकूण २ तासांपेक्षा जास्त नको, आणि आठवड्याच्या आत संपवा.

आजी-आजोबा दिन: हात असलेल्या खुर्च्या, दाराजवळ गाड्यांची जागा, दीड तासात समारोप. ज्यांचे आजी-आजोबा येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी चर्चमधले ज्येष्ठ आधीच नेमून ठेवा, त्या सकाळी शोधाशोध नको. शाळेच्या नेहमीच्या बाल-सुरक्षा नियमांतून त्यांनाही सूट नाही.

मैदानमास्तर

क्रीडादिनाचा हिशेब: १२ वर्ग, १२ खेळ, प्रत्येकी १० मिनिटं आणि जागा बदलायला ३. १३ × १२ = १५६ मिनिटं, म्हणजे अडीच तासांहून थोडं जास्त. मधली ३ मिनिटं धरली नाहीत की शेवटचे तीन खेळ बुडतात, दरवर्षी त्याच वर्गांचे. पाण्याची जागा दर चार खेळांमागे एक. रस्सीखेचीत दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू देऊ नका, झटका बसला की बोटं चिरडतात. बाजू संख्येने नाही, अंदाजे वजनाने समान करा. पोत्यांची शर्यत गवतावरच.

पियानोवाली

मास्तर, क्रीडादिन पेंटेकॉस्टच्या आठवड्यात ठेवणार असाल तर लाल संघ करू नका. पेंटेकॉस्टचा रंग लाल, म्हणून त्या आठवड्यातल्या शुक्रवारी सगळी शाळा लाल कपड्यांत येते. २०२८ मध्ये पेंटेकॉस्ट ४ जूनला आहे. त्याआधीच सत्र संपत असेल तर लाल दिवस शेवटच्या आठवड्यातल्या उपासनेला जोडा, आणि हे पत्रकात मार्चमध्येच छापून द्या.