स्वप्न पडलं म्हणजे भूल कमी पडली असं नाही

एकांनी विचारलंय, पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये आईला माहेरच्या मळ्यात फिरत असल्याचं स्वप्न पडलं, म्हणजे भूल कमी पडली का? बहुधा नाही. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिल्यावर अशी स्वप्नं बऱ्याच जणांना पडतात. छोटी, सुखद, घरगुती. ती बहुतेक शुद्धीवर येतानाची असावीत असं मानतात. केटामाइन या भुलीच्या दुसऱ्या औषधाचं वेगळं, त्यात भलतंसलतंही दिसतं.

ऑपरेशन चालू असताना खरोखर जाग येणं हा निराळा प्रकार. ब्रिटन-आयर्लंडच्या नॅप-५ पाहणीत (२०१४) रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या अशा घटना साधारण १९,००० भुलींमागे एक निघाल्या. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एक. स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं असलं की धोका वाढतो, कारण जागा झालेला माणूस बोटही हलवू शकत नाही.

अशी जाग ओळखायला टन्स्टॉल या भूलतज्ज्ञांनी १९७७ मध्ये युक्ती मांडली: ते औषध देण्याआधीच दंडावर बीपीसारखा पट्टा फुगवायचा, म्हणजे ते त्या हातात पोचत नाही आणि तेवढा हात हलवता येतो. मग कानाशी सांगायचं, "माझा हात दाबा." काही जण चक्क दाबतात, आणि नंतर त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही! मला तरी स्वप्नांपेक्षा हे जास्त चक्रावणारं वाटतं.

आईंना एवढंच विचारा: झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं, उठल्यावरचं पहिलं काय, मधलं काही? मधलं म्हणून डॉक्टरांचं बोलणं किंवा घशातली नळी आठवत असेल, तर भूलतज्ज्ञांना जरूर कळवा.