व्यवसाय शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम दुसऱ्या शाळेत हलवताना

प्रश्न : आमचा व्यवसाय शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत हलवण्याचे ठरले आहे, मात्र एक तुकडी अर्ध्यावर असल्याने स्थलांतर आताच करावे की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : मान्यता बहुधा संस्था आणि जागा या दोहोंना धरून असते, त्यामुळे लेखी परवानगी हाती येईपर्यंत एकही यंत्र हलवू नये. चालू तुकडी शक्यतो जुन्याच ठिकाणी पूर्ण करावी. नवे प्रवेश तेवढे नव्या शाळेत द्यावेत.

उत्तर २ : सहमत, पण खरी अडचण कार्यशाळेची असते. लेथ (धातू कातण्याचे यंत्र) नुसता नेऊन ठेवल्याने भागत नाही. पाया भक्कम हवा, थ्री-फेज वीजजोडणी व अर्थिंग हवे, आणि स्पिरिट लेव्हल लावून बेड (लेथचा आडवा, लांब आधारभाग) समपातळीत आणला नाही, तर जॉब (कातायला लावलेला तुकडा) निमुळता कातला जातो. मग दोष प्रशिक्षणार्थीच्या हाताला दिला जातो, हे वेगळेच!

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सराव पाठांचे काय?

उत्तर १ : नव्या शाळेच्या वेळापत्रकात त्यांच्या तासिका आधीच निश्चित करून घ्या. झालेल्या पाठांच्या निरीक्षण नोंदी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी सोबत न्या. नंतर त्या मिळवताना नाकी नऊ येतात.