मदत हवी आहे : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या जुन्या घरांचे मंजूर नकाशे

आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ गवंडीकाम करता करता कंत्राटदार झाले. राजारामपुरीत त्यांनी बांधलेली कौलारू घरं आता अपार्टमेंटसाठी एकेक करून पडतायत, म्हणून उरलेल्यांची नोंद करायची घाई आहे. हिशोबाची एकच वही उरलीय. तीत मालकाचं आडनाव आणि गल्ली आहे, घर नंबर नाही. काही मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढल्या, पण त्यात मालक कळतो, बांधणारा नाही. वाटणीचा, कोर्टाचा काही विषय नाही.

महापालिका १९७२ ला झाली. त्याआधीच्या, नगरपालिकेच्या काळातले नकाशे कुणी प्रत्यक्ष मिळवलेत का? अर्ज नगररचना विभागात करायचा की पुराभिलेखागारात (जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथं)? आणि सिटी सर्व्हे नंबर नसताना नुसत्या मालकाच्या नावावर शोध लागतो का?