दुसऱ्या लायब्ररीचे सर्च रिझल्ट आमच्या साइटवर कसे दाखवायचे?

फोंडेकर:
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या आमच्या वाचनालयाची छोटी साइट आहे, साधं पीएचपी, शेअर्ड होस्टिंग. मडगावच्या एका लायब्ररीने त्यांची पुस्तकं आमच्या वाचकांना द्यायचं कबूल केलंय, त्यांचा कॅटलॉग कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरवर आहे, तर सर्च बॉक्स आमच्याच पानावर हवा आणि रिझल्टही तिथेच खाली यायला हवेत. चवथ जवळ आली की लोक घुमट आरत्यांची पुस्तकं विचारायला येतात, त्यात म्हातारी माणसं बरीच, त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवलं की ती गोंधळतात. आयफ्रेम (दुसऱ्याचं पान आपल्या पानात दाखवणारी चौकट) टाकली तर नुसता राखाडी चौकोन, जावास्क्रिप्टने फेच केलं तर कॉर्सची (दुसऱ्या साइटवरून माहिती घेण्यावर ब्राउझर घालतो त्या बंधनाची) लाल एरर. काय करू?

सत्तरीकर:
दोन्हीकडे ब्राउझर अडवतोय. कोहा पानासोबत एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हेडर (हे पान दुसऱ्याच्या चौकटीत दाखवू नका अशी ब्राउझरला सूचना) पाठवतं, म्हणून आयफ्रेम उघडत नाही, आणि तो हेडर काढा असं त्यांना अजिबात सांगू नका, त्या साइटवर सभासद लॉगिन करतात, त्यांचे क्लिक कुणी फसवून घेऊ नये म्हणून ती सोय आहे. कॉर्स मात्र फक्त ब्राउझरपुरतं असतं. तुमच्या पीएचपीने त्यांच्या सर्व्हरकडून थेट मागितलं तर कॉर्स मध्ये येतच नाही. कोहात कुठल्याही सर्चचं आरएसएस (रिझल्टची प्रोग्रामला वाचता येणारी यादी) मिळतं, रिझल्टच्या पानावर आरएसएसची लिंक असते ती उचला, पीएचपीतल्या कर्लने आणा, सिंपलएक्सएमएलने वाचा. शोधशब्द यूआरएलएनकोड करूनच (वेब पत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलून) पाठवा, नाहीतर देवनागरी आणि मधली स्पेस दोन्ही घोळ घालतील.

म्हापसेकर:
वरचं बरोबर, पण कॅश ठेवाच. तोच शब्द कुणी परत शोधला तर तासभर आपल्याकडचीच फाइल द्यायची, त्यांच्या सर्व्हरवर उगाच भार कशाला. शिवाय पावसात लाइट गेली की इकडे काय होतं ते माहीत आहेच, कर्लला पाच सेकंदांचा टाइमआउट द्या आणि उत्तर नाही आलं तर जुनी फाइल दाखवा, नाहीतर तुमचंही पान लटकून राहील. आणि बाहेरून आलेला मजकूर एचटीएमएलस्पेशलकॅर्समधून (कोडची चिन्हं निष्प्रभ करणारं पीएचपीचं फंक्शन) काढल्याशिवाय छापायचा नाही, कॅटलॉग कितीही ओळखीचा असला तरी.

फोंडेकर:
चाललं! खूप आभार दोघांचे. पण देवनागरीत 'घुमट' टाकलं तर शून्य, रोमनमध्ये टाकलं तर पुस्तकं येतात, हे कसं काय?

सत्तरीकर:
त्यांनी नोंदी रोमनमध्ये भरल्यात. मार्क या कॅटलॉग नोंदींच्या ठरलेल्या साच्यात 880 हे फील्ड दुसऱ्या लिपीतल्या नोंदीसाठीच असतं, तिथे देवनागरी नाव घालता येतं, 246 मध्ये पर्यायी नाव म्हणून घातलं तरी चालतं. आधी आरत्या, भजनं, नाटकं एवढीच यादी करून त्यांना द्या, जमल्यास टायपिंगला तुमचा एखादा माणूस पाठवा. आणि पुस्तक आत आहे की कुणी नेलंय ते आरएसएसवर धरून बसू नका, प्रत्येक नावाला त्यांच्या पानाची लिंक ठेवा आणि खाली मोठ्या अक्षरात तुमच्या काउंटरचा फोन नंबर.